घुमारा

यावलच्या बाजारपेठेत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे एक अरुंद दुकान आहे. त्या दुकानाच्या मागच्या फळीवर, मोडक्या पंख्यांच्या आणि टेपरेकॉर्डरच्या सांगाड्यांच्या गर्दीत, आम्हांला व्हॉल्व्हचा एक जुना ॲम्प्लिफायर दिसला. करड्या रंगाची लोखंडी पेटी, वर जाळी, जाळीआड काचेचे लहानमोठे व्हॉल्व्ह. पुढच्या पट्टीवर एकसारखी काळी बटणे ओळीने बसवलेली. पण ओळ संपते तिथे, जागा नसताना, एक भोक पाडून त्यात वेगळ्याच जातीचे पांढरे बटण बसवले होते. त्याखाली तैलरंगाने, वळणदार देवनागरीत लिहिले होते : 'इको'.

ही पेटी ज्यांची, ते गृहस्थ तरुणपणी तालुक्यातल्या एका ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवीत. खास गिटारसाठी बनवलेला ॲम्प्लिफायर विकत घेण्याची ऐपत त्या काळी या भागात कोणाची असणार? सभा-लग्नांत भोंगे वाजवणारा साधा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर त्यांनी जुना घेतला, मायक्रोफोनच्या जागी गिटार जोडली आणि तोच गिटारचा ॲम्प्लिफायर झाला. पुढे कित्येक वर्षांनी त्यात त्यांनी हे पांढरे बटण बसवून घेतले. का, असे आम्ही विचारले तेव्हा ते म्हणाले, "सर, तो कोरडा बोलायचा."

'कोरडा' हे विशेषण आम्ही समीक्षेत नेहमी वापरतो. कोरडी शैली, कोरडे निवेदन, कोरडा कवी. ध्वनिमुद्रणाच्या धंद्यातही प्रतिध्वनीची जोड न दिलेल्या आवाजाला कोरडाच म्हणतात. यावलच्या त्या वादकाला हा योगायोग ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांच्या कानाला जे जाणवले, ते त्यांनी सांगितले. पण आमच्या मनात तो शब्द राहिला, आणि त्याचा माग काढता काढता या पांढऱ्या बटणाचा इतिहास आम्हांला लिहावासा वाटला. एरवी हातकागद आणि नीळ यांसाठी एके काळी नावाजलेल्या, व्यासमंदिराच्या या गावाविषयी लिहायचे तर विषय पुष्कळ होते.

आधी शब्दांचा हिशेब. भिंतीवर आपटून वेगळा, ओळखू येईल असा परत येतो तो प्रतिध्वनी, पडसादही तोच. विजापूरच्या गोलघुमटात (१६५६) टाळी वाजवली की ती पुनःपुन्हा मोजून परत येते, हा प्रतिध्वनी. पण मोठ्या देवळाच्या सभामंडपात कोणी 'विठ्ठल' म्हटले आणि शब्द संपल्यावरही हवा काही क्षण भरलेली राहिली, तर तिथे वेगळा असा पडसाद मोजता येत नाही. असंख्य पडसाद एकमेकांत मिसळून गेलेले असतात. इंग्रजीत याला रिव्हर्ब म्हणतात. मराठीत त्याला नेमका शब्द नाही असे आम्ही ऐकतो आणि आश्चर्य करतो. घुमणे आहे, घुमारा आहे. घुमट हा शब्द वास्तूचा आहे आणि वाद्याचाही : गोव्यातले मातीचे घुमट, जे २०१९ साली त्या राज्याचे अधिकृत वाद्य ठरले. आणि अंगात देव येऊन डोलणाऱ्या माणसालाही आपण 'घुमतो आहे' असेच म्हणतो. वास्तू, वाद्य आणि देह या तिघांनाही एकाच क्रियापदाखाली आणणारी भाषा या अनुभवाला अपरिचित आहे, असे कसे म्हणावे?

संस्कृत साहित्यशास्त्राने तर त्याला कायमचे नाव देऊन ठेवले आहे : अनुरणन. त्याकडे आम्ही नंतर येऊ.

माणसाचा गाता आवाज कोरडा ऐकण्याची सवय आपल्याकडे मुळात नव्हतीच. यावलपासून फार दूर नसलेल्या अजिंठ्याच्या चैत्यगृहांत उभे राहून कोणीही साधा स्वर लावून पाहावा. कमानदार छत तो स्वर लगेच सोडीत नाही. पण लेणी आणि देवळे बाजूला ठेवली तरी, घरातल्या दळणाच्या ओवीला जात्याची घरघर होती. ती घरघर म्हणजे नुसती पार्श्वभूमी नव्हे. दगडाचा तो सलग, खालचा नाद ओवीच्या चरणांमधली मोकळी जागा भरून काढी आणि श्वास घ्यायला थांबलेल्या बाईचा सूर तुटला असे वाटू देत नसे. पोवाड्यात आणि तमाशात हेच काम माणसे करीत. शाहिराच्या मागे उभे राहून त्याच्या ओळीचा शेवट उचलून धरणारे झीलकरी असत; मुख्य गायक दम घेई तोवर ते सूर लांबवत. 'झील धरणे' हा वाक्प्रचार याचाच. संगीत नाटकात सारंगी किंवा ऑर्गन गायकनटाच्या पाठोपाठ, किंचित मागे राहून, त्याचीच जागा पुन्हा घेई. यंत्रशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर हे सगळे विलंबाचे प्रकार आहेत : मूळ आवाज, आणि थोड्या वेळाने, थोड्या बदललेल्या रूपात, त्याचीच पुनरावृत्ती. फरक इतकाच की झीलकऱ्याला आपली समज होती. कुठे झील धरायची आणि कुठे गप्प बसायचे, हे त्याला कोणी बटण फिरवून सांगावे लागत नसे.

घुमाऱ्याचे मापन मात्र अगदी अलीकडचे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातले व्याख्यानगृह बांधून तयार झाले आणि तिथे व्याख्यात्याचे एकही वाक्य कोणाला कळेना. वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकाकडे हे दुखणे सोपवण्यात आले. त्याने ऑर्गनची एक नळी, एक वेळमापक आणि शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या एवढ्या सामग्रीवर, रात्रीच्या शांततेत, प्रयोग केले. नळी वाजवून बंद करायची आणि आवाज पूर्ण विरायला किती वेळ लागतो ते मोजायचे. मग खोलीत काही गाद्या आणून टाकायच्या आणि पुन्हा मोजायचे. रिकाम्या खोलीत आवाज सुमारे साडेपाच सेकंद टिकत होता. गाद्या वाढतील तसा तो काळ घटत गेला. खोलीचे घनफळ जितके मोठे तितका घुमारा लांब, आणि आवाज शोषणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका तो आखूड, हा नियम यातून निघाला. आवाजाची तीव्रता दशलक्षांश होईपर्यंत लागणारा वेळ हे आज त्याचे मान्य माप आहे. १९०० साली उघडलेले बॉस्टनचे सिंफनी हॉल सॅबिनच्या हिशेबाने उभे राहिले. आम्हांला या कथेत गाद्यांचे विशेष वाटते. आपली गाद्या-लोडांची बैठक ही सॅबिनच्या गणिताने अत्यंत कोरडी जागा ठरते, आणि तिथे गवयाला तंबोऱ्याचे दोन जोड मागे लागतात ते काय उगीच?

आता यंत्राकडे. अमेरिकेत लॉरेन्स हॅमंड याने १९३५ साली विजेवर चालणारा ऑर्गन बाजारात आणला. तो खपला छोट्या चर्चांत आणि गालिचे-पडदे असलेल्या दिवाणखान्यांत, जिथे आवाज घुमण्याची सोयच नव्हती. मोठ्या चर्चमधला ऑर्गन ऐकलेल्या गिऱ्हाइकाला हा आवाज उघडाबोडका वाटे. म्हणजे भिंत नाही, तर भिंतीचे काम करणारे काहीतरी वाद्याबरोबर विकणे आले. दूरच्या टेलिफोनमध्ये आवाजाला होणाऱ्या विलंबाचा अभ्यास करण्यासाठी बेल प्रयोगशाळेत तारेच्या स्प्रिंगा वापरल्या गेल्या होत्या. हॅमंडने ती कल्पना उचलली. स्प्रिंगेच्या एका टोकाशी विजेच्या स्पंदाने हलका पीळ द्यायचा. तो पीळ तारेतून धावत दुसऱ्या टोकाला पोचतो, काही अंशी उलटा फिरतो, पुन्हा येतो. दुसऱ्या टोकाचे वेटोळे त्याची पुन्हा वीज करते. चर्चचा घुमट हातभर लांबीच्या डब्यात बसला. लिओ फेंडर याने १९६१ साली गिटारसाठी हाच डबा स्वतंत्र पेटीत विकायला काढला आणि १९६३ पासून तो थेट ॲम्प्लिफायरच्या पोटात बसवला. त्यासाठी त्याला दोन जादा व्हॉल्व्ह आणि एक छोटा ट्रान्सफॉर्मर खर्ची घालावा लागला, कारण तार हलवायला ताकद लागते आणि परत आलेला आवाज इतका क्षीण असतो की त्याला पुन्हा मोठे करावे लागते.

आपल्याकडे याच काळात प्रश्न वेगळा होता. इथे आवाज सुंदर करण्याआधी तो पोचवायचा होता. काँग्रेसच्या अधिवेशनांना १९३१ च्या कराची अधिवेशनापासून ध्वनिक्षेपकाची साथ मिळाली ती शिकागो रेडिओच्या नानिक मोटवाने यांच्यामुळे. १९३६ च्या डिसेंबरात याच यावल तालुक्यातल्या फैजपूरला, जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली, खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. मोकळे रान, बांबू-तट्ट्यांचे मंडप, नंदलाल बोस यांची सजावट, वर आकाश. सॅबिनच्या हिशेबाने अशा जागेचा घुमारा जवळजवळ शून्य : आवाज जातो तो जातोच, परत यायला भिंत नाही. खानदेशातल्या सभा, जत्रा, लग्ने, तमाशे सगळे असेच उघड्यावरचे किंवा कापडी मांडवातले. आणि कापड तर उंच स्वर पिऊनच टाकते. पुढे गावोगावी भोंगे आले, 'अहुजा' हे नाव ॲम्प्लिफायरचा समानार्थी शब्द होऊन बसले, बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने देशातच व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केल्यावर दुरुस्ती आवाक्यात आली. आवाज लांब पोचू लागला. पण भोंग्यातून पोचत होता तो आवाज सडा होता. झीलकरी मागे उभे असले तरी मायक्रोफोन एकच आणि तो पुढच्याच्या तोंडाशी.

आणि त्याच भोंग्यांतून त्याच माणसांना रेकॉर्डवरचा दुसराच आवाज ऐकू येत होता. १९४९ च्या 'महल'मधले 'आयेगा आनेवाला' हे गाणे इथे आठवणे भाग आहे. नायिका दुरून गात जवळ येते आहे हे दाखवायचे होते आणि ती दूरता यंत्राने निर्माण करण्याची सोय हाताशी नव्हती. लता मंगेशकरांनी सांगितले आहे की मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी ठेवून त्या कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत आल्या. दूर असताना मायक्रोफोनला भिंतींवरून आलेला आवाज अधिक आणि कंठातला कमी मिळतो. जवळ येता येता हे प्रमाण उलटते. कानाला अंतर कळते ते या प्रमाणामुळेच, निव्वळ लहानमोठ्या आवाजामुळे नव्हे. पुढे स्टुडिओंत घुमाऱ्याच्या खोल्या आणि यंत्रे आली आणि हिंदी चित्रपटगीतातली विरहिणी कायमचीच दरीखोऱ्यांत उभी राहून गाऊ लागली. व्हॅन शिपले, हजारा सिंग, सुनील गांगुली यांच्या विजेच्या गिटारीवरच्या चित्रपटगीतांच्या रेकॉर्डी घरोघरी पोचल्या. हवाईयन गिटारचा स्वर मुळात सरकता. पोलादाचा तुकडा तारेवरून घसरत जातो आणि स्वर स्वरात वितळतो. त्याला घुमारा दिला की वितळण्याची कड दिसेनाशी होते. यावलच्या आमच्या वादकाने हे ऐकले होते, बोटांनी ते तंतोतंत वाजवलेही होते. आणि मांडवात वाजवताना आपल्या गिटारचा आवाज रेकॉर्डीसारखा का येत नाही याचा दोष वर्षानुवर्षे आपल्या हाताला दिला होता. हे त्यांनी आम्हांला हसत हसत सांगितले. आम्हांला मात्र हसू आले नाही. चांगले लिहिणाऱ्या कित्येक मुलांनी छापील पुस्तकातल्या आवाजाशी तुलना करून आपल्या बोलीलाच दोष दिलेला आम्ही पाहिला आहे.

स्प्रिंगेचा डबा त्यांना मिळण्यासारखा नव्हता, आणि मिळाला असता तरी टेम्पोवर चढवून खड्ड्यांच्या रस्त्याने नेल्यावर त्याचे काय झाले असते कोण जाणे. त्या डब्याला धक्का लागला की भोंग्यातून वीज कोसळल्यासारखा आवाज येतो. त्यांना तोडगा मिळाला तो सॉलिड स्टेटमधून, म्हणजे काचेच्या नळीऐवजी ट्रान्झिस्टर आणि आयसी वापरणाऱ्या मंडलातून. १९६९ साली फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीअर यांनी एक युक्ती मांडली : आवाजाचे क्षणाक्षणाचे नमुने विजेच्या भाराच्या रूपात एका कोठीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असे पुढे ओतत न्यायचे. आग विझवायला विहिरीपासून माणसांची रांग लावून बादल्या पुढे देतात, तसे. तिचे नावही 'बकेट ब्रिगेड' असेच पडले. शेवटच्या कोठीत आवाज पोचायला जितका वेळ लागेल तितका विलंब. पुढे अंकीय स्मृतीने हेच काम स्वस्तात केले. तैवानच्या प्रिन्स्टन टेक्नॉलॉजीची पीटी २३९९ ही सोळा पायांची आयसी कराओके यंत्रांसाठी निघाली. पाच व्होल्टवर चालते आणि सेकंदाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्यापर्यंतचा विलंब देते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून तिचे तयार बोर्ड गावोगावच्या दुरुस्तीवाल्यांपर्यंत पोचले. लग्नाच्या बँडच्या गाडीवर गाणाऱ्याचा आवाज आज जो चारदा ऐकू येतो, तो बहुधा अशाच एखाद्या बोर्डाचा प्रताप.

जुन्या व्हॉल्व्हच्या पेटीत हा बोर्ड बसवणे म्हणजे दोन भिन्न युगांचा संसार लावणे. व्हॉल्व्हच्या प्लेटवर अडीचशे-तीनशे व्होल्टचा दाब असतो. आयसी पाच व्होल्टची. पहिल्या व्हॉल्व्हमधून निघालेला आवाज कित्येक व्होल्टांचा, आयसीला पेलतो जेमतेम एक. म्हणून आवाज घ्यायचा तो उच्च दाब अडवणाऱ्या कंडेन्सरमधून, चारशे व्होल्ट सोसणाऱ्या. मग रेझिस्टरांच्या जोडीने त्याचा विसावा-तिसावा हिस्सा करून आयसीला द्यायचा. आणि विलंबित आवाज दुसऱ्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर मोठ्या रेझिस्टरमधून, चोरपावलांनी, परत सोडायचा. मूळ आवाजाची वाट मात्र तशीच ठेवायची : तो व्हॉल्व्हमधूनच जातो, आयसीला स्पर्शही करीत नाही. दुकानदाराने ही गोष्ट आम्हांला तीनदा सांगितली आणि तिसऱ्यांदा सांगताना त्याच्या आवाजात आलेली आब आम्ही टिपली. "मूळला हात लावला नाही" हे वाक्य संहितेच्या एखाद्या संपादकाला शोभले असते.

पहिला प्रयत्न फसला होता. व्हॉल्व्ह तापवणारी ६.३ व्होल्टची वीज पेटीत तयारच होती. तिच्यावरच डायोडांचा पूल बसवून पाच व्होल्ट काढावे, वेगळा ट्रान्सफॉर्मर कशाला, असा त्याचा हिशेब. पण त्या वेटोळ्याचे एक टोक जुन्या कारागिराने आधीच पेटीच्या लोखंडाला जोडलेले होते. पुलाचे ऋण टोकही लोखंडालाच गेले. एका डायोडमधून थेट जोड बसली आणि तो जळून धूर निघाला. मग त्याने ९-०-९ चा छोटा ट्रान्सफॉर्मर स्वतंत्र बसवला. हे अधिकच बरे झाले, कारण ६.३ मधून पाच व्होल्ट काढायला जेमतेमच शिल्लक उरते आणि केळीच्या मळ्यांतल्या मोटारी एकदम सुरू झाल्या की यावलच्या दिव्यांचा जीव अर्धा होतो. तेवढ्या उतरत्या दाबात इकोने मान टाकली असती. नव्या ट्रान्सफॉर्मरला तेवढी उतार सोसते.

आता अनुरणनाकडे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त व्यंग्यार्थाचे दोन प्रकार सांगितले, हे आपल्यापैकी बहुतेकांना ग. त्र्यं. देशपांडे यांच्या 'भारतीय साहित्यशास्त्रा'तून ठाऊक असते. एका प्रकारात वाच्यार्थाकडून व्यंग्यार्थाकडे जाण्याचा क्रम असतो, पण तो लक्षात येत नाही. रसध्वनी हा असा, असंलक्ष्यक्रम. दुसऱ्यात क्रम जाणवतो : आधी शब्दाचा अर्थ, मग किंचित अंतराने त्यामागून येणारा दुसरा. या संलक्ष्यक्रम प्रकाराला घंटेच्या अनुरणनाची उपमा आहे. टोला वेगळा, त्यामागून येणारा नाद वेगळा. वर्गात आम्ही ही उपमा शोभेची म्हणून सांगत आलो. यावलच्या फळीवरची पेटी पाहिल्यावर तिच्यातला काटेकोरपणा आमच्या ध्यानात आला. हेल्मुट हास याने १९४९ साली दाखवून दिले की मूळ आवाजानंतर साधारण तीस-पन्नास सहस्रांश सेकंदांच्या आत पोचलेला पडसाद कान वेगळा मोजत नाही. तो मूळ आवाजातच जिरतो आणि आवाज नुसता भरदार वाटतो. त्याहून उशिरा आलेला मात्र वेगळा ऐकू येतो. म्हणजे दाट घुमारा हा असंलक्ष्यक्रम आणि सुटा इको हा संलक्ष्यक्रम. मधली सीमा कानाच्या आणि मनाच्या घडणीत आहे. उपमेवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे आम्हांला मान्य आहे. आनंदवर्धन शब्दार्थाविषयी बोलत होता, भोंग्याविषयी नव्हे. तरीही क्रम असणे आणि क्रम जाणवणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे त्याने ओळखले आणि त्यासाठी कानाचा दाखला दिला, याचे मोल आज अधिक वाटते.

या कसोटीवर पांढऱ्या बटणाची परीक्षा केली तर ते रसिकतेत कमी पडते. स्प्रिंगेचा घुमारा दाट असतो, क्रम लपवतो. आयसीचा इको क्रम मिरवतो. बटण थोडे जास्त फिरवले की गाण्याचा प्रत्येक शब्द पुढच्या शब्दावर पडतो आणि लग्नात आहेर जाहीर करणाऱ्याचे नाव चार माणसांचे होते. या हव्यासावर आमच्या ओळखीची सुशिक्षित मंडळी हसतात, आम्हीही हसलो आहोत. पण झीलकऱ्यांचा विचार केल्यावर आमचे मत थोडे बदलले. तमाशाच्या फडात एकटा आवाज ही कल्पनाच नव्हती. ऑर्केस्ट्रा आला, एक गायक आणि एक मायक्रोफोन आला आणि मागची माणसे गेली. जी जागा रिकामी झाली ती या सुट्या, उघड, चारदा येणाऱ्या इकोने भरली असावी, असा आमचा तर्क आहे. कॅथेड्रलचा घुमट ऐकत न वाढलेल्या कानाला दाट घुमाऱ्याची ओढ नसेल. त्याला ओळीचा शेवट उचलणारा कोणीतरी, स्पष्ट वेगळा, हवा असेल. तसे असेल तर ही अभिरुचीची घसरण नसून जुन्या सवयीने शोधलेला नवा आधार आहे.

याचा आमच्या पेशाशी संबंध आहे आणि तो थोडा अवघड आहे. यावलपासून काही कोसांवर, जळगावजवळच्या असोद्याला, बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) जन्मल्या. त्यांच्या ओव्या त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि आप्तांनी उतरवून घेतल्या म्हणून वाचल्या. १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्या पुस्तकरूपाने आल्या. ते झाले नसते तर आज आमच्यापाशी काहीच नसते. पण कागदावर उतरला तो कोरडा आवाज. जाते राहिले बाहेर. गेली कित्येक वर्षे आम्ही त्या कविता वर्गात मोठ्याने वाचतो, आणि सिमेंटची खोली, लोखंडी बाके, वरचा पंखा यांच्यात त्या जशा ऐकू येतात त्यालाच त्यांचा आवाज समजून अलंकार, प्रतिमा, तत्त्वज्ञान असे प्रश्न काढतो. एका वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले होते की दोन ओळींच्या मध्ये ती बाई काय करत असेल. आम्ही तो प्रश्न विषयांतर म्हणून टाळला. ती दळत असेल, दगड फिरत असेल, एवढे उत्तर आम्हांला तेव्हा सुचले नाही, आणि त्या मुलीला आता कुठे शोधावे?

पेटीची किंमत या गोष्टीचाही उल्लेख करायला हवा. अलीकडे जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रांना शहरांत गिऱ्हाईक आहे. असाच एक संग्राहक दुकानात येऊन गेला होता. त्याने पेटी उलटीपालटी करून पाहिली, पांढऱ्या बटणाशी थांबला आणि म्हणाला की हे भोक नसते तर चांगले पैसे दिले असते. मूळ रूप गेले, आता भंगाराचा भाव. दुकानदाराला हे लागले होते. पुनर्लेखन केलेल्या पोथ्यांना, प्रक्षिप्त ओव्या असलेल्या गाथांना आपले पाठचिकित्सक जे म्हणतात तेच हे. त्यात तथ्य नाही असे नाही. पण ही पेटी कपाटात ठेवण्यासाठी घेतलेली नव्हती. तिच्यावर एका माणसाने आयुष्याची पंचवीस-तीस वर्षे लग्नसराई केली होती, आणि भोक पाडायचे ठरवले तेव्हा तिची जुनी विक्रीची किंमत काय आणि नवी काय, हा विचार त्याच्या मनात येण्याचे कारण नव्हते. पेटी दुकानात होती ती विकण्यासाठी नव्हेच. एक कंडेन्सर फुगला होता, तो बदलायला आली होती.

कंडेन्सर बदलून झाल्यावर दुकानदाराने वादकांना बोलावून घेतले. ते गिटार घेऊन आले, मांडीवर आडवी घेतली, बोटांत नखे चढवली. व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतो. तेवढ्या वेळात त्यांनी पांढरे बटण पूर्ण डावीकडे फिरवून ठेवले. आधी कोरडेच वाजवले. मग डाव्या हाताने बटण हळूहळू उजवीकडे नेले आणि त्या अरुंद दुकानाच्या मागची भिंत कुठे गेली ते कळेनासे झाले. इको थोडाच होता, आम्ही भीत होतो तितका नव्हे. गाणे अर्ध्यावर आले आणि भारनियमनाची वेळ झाली. पंखा मंदावला. बोर्डातला इको तत्क्षणी गेला. पाच व्होल्टच्या बोर्डात साठवण ती किती असणार? पण व्हॉल्व्ह अजून तापलेले होते आणि मोठ्या कंडेन्सरांत वीज शिल्लक होती. वादकांनी हात थांबवला नाही. दोन-तीन सेकंद, कोणत्याही घुमाऱ्यावाचून, तो शेवटचा स्वर एकटाच चालत राहिला, बारीक होत होत रस्त्यावरच्या रिक्षांच्या आवाजात मिसळला, आणि मग ते गिटारवरून बोट न उचलता आम्हांला म्हणाले, "बसा, अर्ध्या तासात येईल."

आम्ही बसलो.